झोक्यावर बसवण्याआधी वरची कडी बघा

एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी ३१ वर्षं काढली. गाडी बाहेर पडण्याआधी तिच्याखाली वाकून बघायची सवय तिथं लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. आता सांगलीत, विश्रामबागेत असतो. संध्याकाळी साडेचार वर्षांच्या नातीला घेऊन बागेत जातो. फाटकातून आत शिरली की ती झोक्याकडं पळत सुटते, म्हणून आमचा ठराव झालाय: आधी आबा बघणार, मग तू बसणार. पाच मिनिटं जातात. ती पाच मिनिटं मी कशी घालवतो ते सांगतो. तुम्हालाही जमेल, त्याला मेकॅनिक असावं लागत नाही.

झोक्याची साखळी आडव्या पाइपला जिथं अडकवलेली असते, ती कडी आधी बघा. पोराचा सगळा भार तिच्यावर येतो आणि झीजही तिथंच होते. डोक्याच्या वर असल्यामुळं तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. लोखंडावर लोखंड घासून कडीला आतल्या अंगानं खोबण पडते. बाहेरून ती गोल, रंगवलेली, छान दिसते आणि आत निम्मी खाल्लेली असते. वर हात पोचत नसेल तर मोबाईलनं फोटो काढा आणि मोठा करून बघा. जाडीचा तिसरा हिस्सा गेलेला दिसला तरी मी नातीला तिथं बसवत नाही. एस आकाराचा हूक असेल तर त्याचं तोंड पूर्ण मिटलेलं हवं. फटीत रुपयाचं नाणं शिरलं, तर फ्रॉकची लेसही शिरणार.

मग सीटवर दोन्ही हातांनी जोर द्या आणि कान द्या. करकर आवाज आला तर ग्रीस संपलंय, माळीदादांना सांगितलं की भागतं. पण झटका बसून ‘कट्ट’ असा आवाज आला तर काहीतरी जागेवरून सरकतंय. त्या झोक्यावर पोराला बसवू नका.

खांब जमिनीत जातो तिथं वाकून बघा. पाणी साचतं ते तिथं, आणि गंज धरतो तोही तिथंच. रंगाला फुगे आले असतील तर घराच्या किल्लीनं एक फुगा खरवडा, खाली गंज आहे का ते दिसेल. आमच्या सांगलीत आणखी एक गोष्ट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी जिथं शिरलं, तिथल्या जुन्या पोकळ पाइपांत गाळ बसलेला असू शकतो आणि तो पाइप आतून कुजवतो. वरून रंग ताजा, आत पोकळी. नाण्यानं पाइप वरपासून खालपर्यंत वाजवत या. चांगला पाइप खणखणतो. वाजता वाजता एका जागी आवाज बद्द झाला, तर तिथं आत गाळ आहे किंवा पत्रा पातळ झालाय.

आता खालची जमीन. बागेत पोरांना लागतं ते बहुतेक पडून लागतं, त्यामुळं ती कशावर पडणार यावर फार काही अवलंबून असतं. खेळण्याखाली काँक्रीट किंवा पेव्हिंग ब्लॉक असतील तर उंचावर चढू देऊ नका, मग ती जागा कितीही स्वच्छ असो. वाळू असेल तर काडी खुपसून बघा, फूटभर खोल जायला हवी. झोक्याखाली पोरांच्या पायांनी वाळू उकरून खड्डा होतो आणि खांबाचं काँक्रीट उघडं पडतं. बाजूची वाळू पायानं ओढून तो भरायला दोन मिनिटं पुरतात. खेळण्याभोवती सहा फूट जागा मोकळी हवी. झोक्याच्या पुढं-मागं त्याहून जास्त, आडव्या पाइपच्या उंचीच्या दुप्पट. धाकटी भावंडं नेमकी तिथं रेंगाळतात.

घसरगुंडीबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण तिथं माझ्याच हातून चूक झालीय.

दोन वर्षांपूर्वी नात अडीच वर्षांची होती. एकटी घसरायला घाबरायची, म्हणून मी तिला मांडीवर घेऊन घसरलो. अर्ध्यात तिच्या बुटाचा रबरी तळ कडेला चिकटला. पाय तिथंच राहिला आणि माझं ७४ किलो वजन तिला घेऊन खाली गेलं. तिच्या गुडघ्याखालचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, एकटं पोर घसरताना पाय अडकला तर ते आपोआप थांबतं, त्याचं वजनच तेवढं नसतं. मागं मोठं माणूस असलं की थांबता येत नाही. घरी आल्यावर मुलीला काय सांगायचं तेच मला सुचत नव्हतं. म्हणून हात जोडून सांगतो, मांडीवर घेऊन घसरू नका. पोर घाबरत असेल तर छोटी घसरगुंडी शोधा, बाजूला उभं राहा, हात धरा. तरी नाही म्हणालं तर त्या दिवशी राहू द्या.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याची घसरगुंडी तेव्हा तव्यासारखी तापते आणि प्लॅस्टिकचीही पोळते. उलटा हात पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसला नाही तर पोराच्या मांड्यांना सोसणार नाही.

गळ्यात काही नको. ओढणी, ताईताचा दोरा, टोपीची नाडी, सगळं काढून ठेवा. सायकलवरून आलेल्या पोरांचं हेल्मेटही खेळण्यावर चढण्याआधी काढा, कारण अंग फटीतून निघतं आणि हेल्मेट अडकतं. परवा एक मुलगी ओढणी घेऊनच घसरगुंडीवर चढत होती. तिच्या आईला म्हटलं, “ताई, तेवढी ओढणी काढून घ्या, वरच्या बोल्टाला अडकेल.” त्या जरा रागावून म्हणाल्या, “काका, रोज खेळते ती इथं.” मी त्यांना वर नेऊन बोल्ट दाखवला. नटाच्या बाहेर दोन बोटं आलेला होता. त्यांनी काही न बोलता ओढणी काढली.

कठड्याच्या दांड्यांमधली फट नऊ सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि तेवीसपेक्षा लहान असेल तर सावध राहा. पोरं आधी पाय घालतात, अंग पार होतं आणि डोकं अडकतं.

ओपन जिमची यंत्रं मोठ्यांसाठी असतात. त्यांच्या सांध्यात चिमुकली बोटं चिरडतात, तिथून पोरांना लांबच ठेवा. आणि भडंग बाकावर बसून खाऊ द्या, झोक्यावर नाही. पाचच्या आतल्या पोराच्या घशात शेंगदाणा अडकायला एक हिसका पुरतो.

डोक्याला मार लागल्यावर पोर उलट्या करायला लागलं, गुंगीत गेलं किंवा वेगळंच वागायला लागलं तर वाट बघू नका, १०८ लावा. पक्का दात मुळासकट निघाला तर मूळ चोळू नका. दात दुधात ठेवा आणि तासाभरात दातांच्या डॉक्टरांकडं पोचा.

खेळणं खराब दिसलं तर नुसतं पोराला घेऊन घरी जाऊ नका, पाठीमागून दुसऱ्याचं पोर येतंच. साखळी आडव्या पाइपवरून दोन-चार वेळा फिरवून झोका उंच गुंडाळून ठेवा. स्वतः वेल्डिंग करायला जाऊ नका. माझेही हात शिवशिवतात, पण सार्वजनिक खेळण्यावर माझं काम चुकलं तर दुसऱ्याचं पोर पडेल. दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, कुठलं खेळणं ते कळेल असा. प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, पोच असलेला कागद फायलीत राहतो. अर्ज बागेत येणाऱ्या चार-पाच घरांच्या सह्यांचा असला तर आणखी बरं. महिन्यात हालचाल दिसली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली, १० रुपये शुल्क भरून, त्या खेळण्यांची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

गेल्या आठवड्यात आमच्या बागेतला एक झोका मी असाच गुंडाळून ठेवलाय. अर्ज दिलाय, पोच घरी फाइलला लावलीय. दुरुस्ती होईपर्यंत आम्ही दोघं वाळूत किल्ला करतोय. दिवाळी लांब आहे, पण बुरूज आत्ताच झालेत.