मलाशयाच्या कॅन्सरचा एमआरआय : या चुका टाळा

निफाडहून आलेल्या काकांच्या मुलाला मी विचारलं, "आधीच्या एमआरआयची सीडी आणलीत का?" तो म्हणाला, "रिपोर्ट आहे की, सीडी कशाला?" नाशकात एमआरआयचं मशीन चालवताना हे उत्तर मला वरचेवर ऐकायला मिळतं. रिपोर्ट मी लिहीत नाही, ते रेडिओलॉजिस्टचं काम. पण स्कॅन कुठे फसतो, ते आधी आमच्या खोलीत दिसतं.

जुनी सीडी घरी ठेवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. रेडिएशन आणि केमोनंतर गाठीच्या जागी वण उरतो. टी-२ नावाच्या एमआरआय चित्रात वण काळा दिसतो, शिल्लक गाठ करडी. गाठ मुळात कुठे आणि केवढी होती हे समोर नसेल, तर काळ्या पट्ट्यातला करडा ठिपका ओळखणं अवघड जातं. ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीलगतच्या लिम्फ नोडचंही (रसग्रंथीचंही) तसंच. उपचाराआधी त्याचा लहान व्यास ७ मिमी किंवा जास्त असेल, तर तिथे आजार उलटण्याचा धोका वाढतो. आज तो नोड बारीक दिसला, तरी डॉक्टरांना जुना आकडा लागतोच.

दुसरं, "ओटीपोटाचा साधा एमआरआय" काढून मोकळं होणं. मलाशयासाठी सुमारे ३ मिमी जाडीचे काप लागतात, तेही गाठीच्या अक्षाला काटकोनात. काप तिरका बसला की गाठीपासून भोवतीच्या आवरणापर्यंतचं अंतर चुकीचं मोजलं जातं. अपॉइंटमेंट घेतानाच "रेक्टमचा प्रोटोकॉल हवा", म्हणजे मलाशयासाठी ठरलेल्या पद्धतीनेच स्कॅन हवा, असं सांगा, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. आतड्यात वायू अडकला तर डिफ्युजनची (पेशींमधल्या पाण्याची हालचाल टिपणारी) चित्रं वेडीवाकडी येतात, म्हणून पोट साफ करण्याबद्दल सेंटरने सांगितलेलं पाळा.

घाई नको. केमो-रेडिएशन संपल्यावर पंधरा दिवसांत धावत येणारे असतात. तेव्हा सूज असते, चित्र गढूळ. सहसा ६ ते ८ आठवडे थांबतात. नेमकी तारीख डॉक्टरच ठरवतील.

रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण 'टी-३', म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर पोचल्याचा टप्पा, वाचून गार पडतात. मी म्हणतो, त्याआधी दोन ओळी शोधा आणि डॉक्टरांना त्यांच्याबद्दल विचारा. मलाशयाभोवतीच्या चरबीला एक पातळ आवरण असतं. गाठ त्याच्यापासून १ मिमी किंवा त्याहून जवळ असेल, तर शस्त्रक्रियेत जिथे कापतात ती कड धोक्यात, म्हणजे तिथेच पुन्हा उगवण्याची भीती. २००६ साली आलेल्या मर्क्युरी अभ्यासाने ही कड एमआरआयवर आधीच ओळखता येते हे दाखवलं. दुसरी ओळ 'ईएमव्हीआय'ची, गाठ भिंतीबाहेरच्या शिरांत शिरली आहे का? असेल तर यकृत-फुप्फुसांत पसरण्याचा धोका वाढतो. उलट, नोड मोठा दिसला म्हणून लगेच हाय खाऊ नका. नुसत्या आकारावरून नोडबद्दल एमआरआय बऱ्याचदा चुकतो.

"परत होणार का, एवढंच सांगा," असं नातेवाईक विचारतात. स्कॅन धोका कमी की जास्त एवढंच दाखवतो. ती काही पत्रिका नाही.

गाठ पूर्ण विरघळल्यामुळे ऑपरेशन टाळून नजर ठेवली असेल, तर एमआरआय चांगला आला म्हणून दुर्बिणीची तपासणी, बोटाने तपासणं किंवा सीईए ही कॅन्सरची खूण शोधणारी रक्तचाचणी चुकवू नका. पुन्हा उगवणारी गाठ बहुधा पहिल्या दोन वर्षांत, आतड्याच्या भिंतीतच उगवते.

काकांचा मुलगा शेवटी एसटीने निफाडला गेला. दुपारी सीडी घेऊन आला तेव्हा ती साड्यांच्या पिशवीत, लग्नाच्या अल्बमखाली सापडली म्हणाला. आता तिची एक प्रत पेनड्राइव्हवर आहे.