फॅटी लिव्हर निघालं? मग या चुका टाळा

सोनोग्राफी केलेली असते मुतखड्यासाठी, आणि रिपोर्टच्या तळाशी ओळ सापडते: 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'. "हल्ली सगळ्यांनाच असतं," असं कुणीतरी म्हणतं आणि फाइल कपाटात जाते. पहिली चूक इथेच होते.

हा ग्रेड यकृतात चरबी साधारण किती आहे तेवढंच सांगतो. यकृत आतून किती निबर झालंय, व्रण धरलेत का, हे त्यातून कळत नाही. रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आलं तरी निर्धास्त होऊ नका. वय, एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट्स या चार आकड्यांवरून डॉक्टर 'फिब-४', म्हणजे यकृतातल्या व्रणांचा अंदाज देणारा आकडा, काढतात आणि शंका वाटली तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा निबरपणा मोजणारी तपासणी, सांगतात. 'फिब-४ काढलंत का?' हे डॉक्टरांना जरूर विचारा.

दुसरी चूक म्हणजे "मी कुठे जाडा आहे?" हा प्रश्न. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, ही आपली घडण. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, पोट आत न ओढता. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या वर गेलात तर लक्ष द्यायला हवं. पँटचा नंबर हे माप नव्हे, पँट पोटाखाली सरकलेली असते.

तिसरी चूक म्हणजे सगळा दोष तेल-तुपाला देणं. एरवी इन्सुलिन चरबीला साठ्यात धरून ठेवतं. त्याचं चालेनासं झालं की ती सुटून रक्तावाटे यकृतात येऊन पडते. फॅटी लिव्हरच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात यकृतातली जवळपास ६० टक्के चरबी अशी अंगातल्या साठ्यातून आलेली निघाली. पाव हिस्सा साखर-पिठापासून यकृतानेच बनवलेला होता, आणि थेट खाल्लेल्या तेल-तुपातून आलेली जेमतेम १५ टक्के. म्हणजे भाकरीवरचं तूप बंद करून दिवसाला चार कप गुळाचा चहा, वर चतुर्थीला ताटभर साबुदाण्याची खिचडी, हा हिशेब चुकतो. गूळही साखरच. फळ खा, पण रस काढू नका.

मग काही जण घाबरून पंधरा दिवसांत आठ किलो उतरवायला जातात. इतक्या झपाट्याने वजन घटलं तर पित्ताचे खडे होतात, कधी यकृताची सूज उलट वाढते. ८० किलोच्या माणसाने सावकाश ४ किलो कमी केले तरी यकृतातली चरबी उतरू लागते. सूज ओसरायला ६ ते ८ किलो लागतात.

'लिव्हर साफ करणारे' काढे मनाने घेऊ नका. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. आयुष मंत्रालयाने त्या नोंदीवर आक्षेप घेतला होता, पण आधीच यकृताची तक्रार असलेल्याने हा प्रयोग स्वतःवर कशाला करायचा?

बिनसाखरेची काळी कॉफी मात्र चालेल, बऱ्याच अभ्यासांत ती यकृताला मानवते असं दिसलं आहे. आपल्या चहाबाजांच्या गळी ती उतरवणं, हे वेगळं काम.