इन्सुलिनचा डोस वाढवण्याआधी इंजेक्शन नर्सला घेऊन दाखवा

साखर आटोक्यात येत नसली की सगळ्यांचं लक्ष डोसकडे जातं. पण लिहून दिलेला डोस अंगात नीट पोचतोय का, हे आधी पाहायला हवं. मधुमेहाचं खास प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टर, म्हणजे डायबेटिस एज्युकेटर, नेमकं हेच तपासतात. त्यांच्याकडे जाताना नुसती फाईल नेऊ नका. इन्सुलिन, रोजच्या सुया, ग्लुकोमीटर आणि साखरेची वहीही न्या. घरी जसं इंजेक्शन घेता तसंच घेऊन दाखवा. डोसची वेळ नसेल तर सरावाच्या पॅडवर टोचून दाखवलं तरी चालतं.

आधी सिरिंज तपासून घ्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलीत ४० युनिटचं असतं. त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज लागते. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंज २० च्या खुणेपर्यंत भरली तर अंगात फक्त ८ युनिट जातात. उलटी चूक, म्हणजे १०० च्या इन्सुलिनला लाल सिरिंज, जिवावर बेतू शकते, कारण तिथे २० च्या जागी ५० युनिट जातात.

सिरिंजऐवजी इन्सुलिनचं पेन असेल तर दर वेळी नवी सुई लावून आधी २ युनिट हवेत सोडा आणि टोकाशी थेंब दिसतो का ते पाहा. बटण पूर्ण दाबल्यावर १० पर्यंत मोजा, मगच सुई काढा. लगेच काढली तर इन्सुलिन बाहेर गळतं. दुधाळ दिसणारं इन्सुलिन आधी तळहातांत १० वेळा फिरवा, १० वेळा वरखाली करा. जोरात हलवू नका.

आता पोट. हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखाली मऊ किंवा रबरासारख्या गाठी होतात. तिथे दुखत कमी असल्यामुळे माणूस पुन्हा तिथेच टोचतो. पण गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा शोषलं जातं आणि साखर वरखाली होत राहते. सिस्टरांकडून बोटांनी चाचपून घ्या. दर टोच आधीच्या जागेपासून बोटभर दूर द्या, बेंबीजवळची जागा सोडा. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात की तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर एकदम उतरू शकते. म्हणून जागा बदलण्याआधी डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना विचारा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

घरातल्या एका माणसाला सोबत न्या. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वागणं आणि साखर ७० च्या खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची, हे त्यालाही ठाऊक हवं. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.