उताराच्या आवारासाठी राइड-ऑन मोवर निवडताना

मुळशी, पानशेत किंवा भोरच्या बाजूला डोंगरउतारावर एक-दोन एकर जागा घेऊन ज्यांनी घर बांधले आहे, त्यांच्यापुढे जूनअखेरपासून गवताचा प्रश्न उभा राहतो. हातात धरून चालवायच्या ब्रश कटरने एवढे आवार सांभाळताना माणूस थकून जातो, आणि मग राइड-ऑन मोवरचा, म्हणजे बसून चालवायच्या गवत कापणाऱ्या यंत्राचा विचार सुरू होतो. हा विचार करताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. आपल्याकडे गवत सर्वांत जोमाने वाढते ते पावसाच्या चार महिन्यांत, म्हणजे उतार सर्वांत निसरडा असतो त्याच काळात. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि ताम्हिणीच्या पट्ट्यात त्याच्या कित्येक पट. म्हणून यंत्राची निवड कोरड्या मेमधल्या उतारावरून करू नये. ओल्या ऑगस्टमधला उतार डोळ्यांपुढे ठेवून करावी.

दुकानात जाण्याआधी उतार मोजावा. एक मीटर लांबीची सरळ फळी घेऊन तिचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवावे, गवंडी वापरतात ती लेव्हल पट्टी फळीवर ठेवून फळी आडवी करावी आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे उभे अंतर टेपने मोजावे. हे अंतर १८ सेंटीमीटर भरले तर उतार सुमारे १० अंशांचा असतो, २७ भरले तर १५ अंशांचा आणि ३६ भरले तर २० अंशांचा. बहुतेक राइड-ऑन मोवरांच्या पुस्तिकेत १५ अंश ही कमाल मर्यादा दिलेली असते, काहींत ती १० अंशच असते, आणि ओल्या गवतावर ही मर्यादाही सुरक्षित मानता येत नाही. एकाच ठिकाणी मोजून थांबू नये. आवाराचा कच्चा नकाशा काढून त्यावर दहा-बारा जागांची मापे लिहिली, की कोणता भाग यंत्राचा आणि कोणता ब्रश कटरचा हे आपोआप ठरते. १५ अंशांपुढचा भाग राइड-ऑनसाठी विचारातच घेऊ नये. उरलेला सौम्य भाग वीस गुंठ्यांपेक्षा कमी असेल, तर माझ्या मते एवढा खर्च करण्यात अर्थ नाही.

यंत्राच्या प्रकारांत झिरो-टर्न मोवर झाडांभोवती झटपट वळतो, म्हणून तो पाहताक्षणी आवडतो. परंतु त्याची दिशा मागच्या दोन चाकांच्या कमी-अधिक वेगावर ठरते आणि पुढची चाके नुसती फिरती असतात. मागची चाके ओल्या उतारावर घसरली, की वेग आणि दिशा या दोहोंवरचा ताबा एकाच क्षणी सुटतो. उतारासाठी मी तो सुचवणार नाही. पुढची चाके स्टिअरिंगने वळणारा लॉन ट्रॅक्टर त्यापेक्षा बरा, आणि चारही चाकांना जोर मिळणारा, बुटका, डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर असलेला मोवर सर्वांत चांगला. चारही चाकांचा परवडत नसेल, तर निदान डिफरन्शियल लॉक असावा, म्हणजे एक चाक घसरले तरी दुसऱ्याचा जोर कायम राहतो. उलटण्यापासून संरक्षण देणारी कमान आणि सीटबेल्ट असतील, तर ती दोन्ही एकत्रच वापरायची असतात.

इंजिन आणि ट्रान्समिशन यांबद्दल विक्रेत्याला नेमके विचारावे. साध्या इंजिनांत तेल नुसते शिंपडले जाते आणि यंत्र बराच वेळ कलते राहिले, तर काही भागांना तेल कमी पडू शकते. पंपाने दाबाखाली तेल पोहोचवणारे, ऑइल फिल्टर असलेले इंजिन उतारावर अधिक टिकते. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकांना जोर पोहोचवणाऱ्या ट्रान्समिशनमध्ये गिअर बदलावे लागत नाहीत, ही उतारावर मोठी सोय आहे. मात्र हलक्या प्रतीच्या ट्रान्समिशनमधले तेल सततच्या चढाने तापते आणि जोर ओसरू लागतो. त्यातले तेल बदलण्याची सोय आहे का, हे पाहून घ्यावे. पेट्रोलचा मुद्दाही आता टाळता येत नाही. आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते, तर अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. तेव्हा हे इंजिन कोणत्या पेट्रोलवर चालेल, हे लेखी घ्यावे आणि हंगाम संपल्यावर टाकी व कार्बुरेटर रिकामे करून ठेवावेत. जॉन डीअरचा ट्रॅक्टर कारखाना सणसवाडीला आहे, तरी ट्रॅक्टरच्या विक्रेत्याकडे मोवरची पाती आणि पट्टे मिळतीलच असे गृहीत धरू नये.

आपल्या डोंगरांवरच्या जमिनीत मुरूम आणि सुटे दगड असतात. पात्याखाली आलेला दगड गोळीसारखा उडतो. म्हणून पहिल्या पावसाआधी दगड वेचून घ्यावेत आणि पात्याची उंची सहज वाढवता येते का, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. कंबरभर वाढलेली कुसळी या यंत्राने कापायची नसते. आधी ब्रश कटर, नंतर मोवर. तालीच्या, म्हणजे उतारावर घातलेल्या बांधाच्या कडेची माती पावसात खचते, त्यामुळे कडेपासून यंत्राच्या रुंदीच्या किमान दुप्पट अंतर राखावे. राइड-ऑन नेहमी चढ-उताराच्या दिशेने चालवावा, आडवा चालवू नये, कारण आडव्या उतारावर तो कुशीवर उलटू शकतो. उतरताना न्यूट्रल करू नये.

हे यंत्र बहुधा आपण स्वतः चालवणार नाही, माळीदादा चालवणार आहेत, आणि मालकाने सांगितलेल्या उताराला नाही म्हणणे त्यांना अवघड जाते. त्यामुळे कुठे जायचे नाही, हे आपणच खुंट्या ठोकून आखून द्यावे आणि आवारात मुले असताना यंत्र सुरू करू नये. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला यंत्र आपल्याच आवारात आणायला सांगावे, माळीदादांना त्यावर बसवावे आणि पाती बंद ठेवून, नकाशावर मोवरसाठी ठरवलेल्या उतारांवर ते रिव्हर्समध्ये चढते का, हे पाहावे. ज्या उतारावर ते मागे चढू शकत नाही किंवा माळीदादांना धास्ती वाटते, तो भाग नकाशावर ब्रश कटरच्या वाट्याला टाकावा आणि त्यानंतरच उरलेल्या क्षेत्रावरून यंत्राचा आकार ठरवावा.