सुरक्षा विषयांतील पदव्युत्तर शिक्षण : खान्देशातील विद्यार्थ्यांनी टाळाव्यात अशा चुका

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक पदवीधर पोलीस भरतीची तयारी करता करता दहशतवादविरोध, सायबर संरक्षण किंवा सार्वजनिक सुरक्षा या विषयांतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांकडेही वळतात. यातील सर्वांत महागडी चूक प्रवेशाआधीच होते : या पदवीमुळे वर्दी किंवा गुप्तचर खात्यातील जागा मिळेल, असे गृहीत धरले जाते. वास्तविक थेट भरतीने आयपीएस होण्याचा मार्ग केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून जातो, राज्यातील थेट उपनिरीक्षकपद एमपीएससीतून मिळते, आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर 2008 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेत अनेक अधिकारी इतर दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. या पदवीचा खरा उपयोग बँका व आयटी कंपन्यांचे सुरक्षा विभाग, आपत्ती व्यवस्थापन, संशोधन आणि अध्यापन या क्षेत्रांत होतो. तेथे जायचे नसेल, तर दोन वर्षे आणि शुल्क खर्च करण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

दुसरी चूक अभ्यासक्रमाचे नाव पाहून अर्ज करण्याची. एम.टेक. किंवा एम.एस्सी. स्वरूपाच्या सायबर सुरक्षा अभ्यासक्रमात नेटवर्क, प्रोग्रॅमिंग आणि क्रिप्टोग्राफी (माहिती सांकेतिक रूपात सुरक्षित ठेवण्याचे शास्त्र) यांचाच भर असतो, तर संरक्षण व सामरिकशास्त्राच्या एम.ए.त धोरण, इतिहास आणि कायदा यांचा. राज्यशास्त्राचा पदवीधर पहिल्या प्रकारात शिरला की पहिल्या सत्रातच अडखळतो. असे झाल्यास विषय सोडून देण्याऐवजी लिनक्स ही संगणक कार्यप्रणाली आणि नेटवर्किंग यांची पायाभरणी आधी करावी. गांधीनगरजवळील राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आणि गांधीनगरमधीलच राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ, या दोन्ही संस्थांना 2020 च्या कायद्यांनी राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला, आणि नंदुरबारकरांना त्या मुंबईइतक्याच आवाक्यातल्या आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे. ऑनलाइन पदवी घ्यायची असल्यास यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आणि बनावट विद्यापीठांची यादी, दोन्ही तपासावे.

परदेशी जाणाऱ्यांनी एक बाब आधीच लक्षात घ्यावी. अमेरिकेत या क्षेत्रातील अनेक सरकारी आणि संरक्षणविषयक नोकऱ्यांसाठी अमेरिकी नागरिकत्व व सुरक्षा मंजुरी लागते. भारतीय विद्यार्थ्याने तेथे दहशतवादविरोधात पदवी घेतली तरी ती दारे बहुधा बंदच राहतात, आणि एजंट हे क्वचितच सांगतात.

सराव म्हणून महाविद्यालयाचे संकेतस्थळ किंवा पतसंस्थेचे सर्व्हर विनापरवानगी तपासून पाहणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 43 व 66 नुसार गुन्हा ठरू शकतो आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कलम 66 च्या गुन्ह्यासाठी अप्रामाणिक किंवा फसवा हेतू लागतो; पण हेतू चांगला असला तरी कलम 43 खालील नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते. स्वतःच्या संगणकावर आभासी यंत्रे (सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक) उभारून, सरावासाठी मुद्दाम सदोष ठेवलेल्या डीव्हीडब्ल्यूएसारख्या वेब प्रणालींवरच हात बसवावा.

प्रबंधाचा विषय निवडताना मात्र जी चूक होते, ती मला सर्वांत खेदजनक वाटते. जागतिक दहशतवादावर आधीच छापलेल्या मजकुराची फेरमांडणी केली जाते आणि घराशेजारचे प्रश्न दुर्लक्षित राहतात. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून पाच भिक्षेकऱ्यांची जमावाने हत्या केली. 22 जानेवारी 2025 रोजी पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा पसरली, रुळांवर उतरलेले प्रवासी कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. अफवा कशी पसरते, पहिला विश्वासार्ह आवाज कोणाचा असावा आणि तो किती लवकर पोहोचायला हवा, हाच सार्वजनिक सुरक्षा नेतृत्वाचा मूळ अभ्यास आहे. सारंगखेड्याच्या यात्रेतील गर्दी किंवा भुसावळ जंक्शनची व्यवस्था हेही तितकेच भरीव विषय ठरतात.

अशा विषयांत प्रश्नावली प्रमाण मराठीत आणि पोलीस ठाण्यातून वाटली, तर उत्तरे गुळमुळीत येतात. अहिराणी, भिली किंवा पावरी जाणणारा सोबती घेऊन, मार्गदर्शकांची व नैतिकता समितीची परवानगी आधी मिळवून, नावे गुप्त ठेवून मुलाखती घ्याव्यात. अतिरेकी प्रचारसाहित्य अभ्यासायचे असल्यास तेही मार्गदर्शकांना लेखी कळवूनच हाताळावे.

पोलिसांकडून कागदपत्रे मिळाली नाहीत, म्हणून प्रबंध अडल्याची तक्रार सर्रास ऐकू येते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 नुसार तपासाला बाधा आणणारी माहिती नाकारता येते आणि कलम 24 मुळे गुप्तचर विभागासारख्या संस्था बहुतांशी या कायद्याबाहेर आहेत. त्यामुळे अर्ज करताना चालू तपासाची कागदपत्रे न मागता, निकाली प्रकरणांची आकडेवारी मागावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल आणि न्यायालयांची निकालपत्रे यांवरच प्रबंधाचा आराखडा उभा करून मुलाखतींनी तो भरावा.