पोकरच्या डावात पत्ते कधी व कसे उघडावेत

गणपतीत रात्र जागवताना कोकणातल्या पडवीत पोकरचा डाव मांडायचा असेल, तर पैशांऐवजी काजूच्या बिया लावाव्यात आणि पत्ते उघडण्याचे नियम वाटपापूर्वीच सर्वांना सांगावेत.

अखेरच्या फेरीत ज्याने शेवटी बोली लावली किंवा वाढवली, त्याने आधी पत्ते उघडावेत. बोलीच लागली नसेल, तर वाटणाऱ्याच्या डावीकडून डावात टिकलेल्या पहिल्या खेळाडूने सुरुवात करावी. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात जिंकण्याचा दावा करणाऱ्याने हातातले दोन्ही पत्ते चटईवर उताणे ठेवावेत. तोंडाने काहीही म्हटले, तरी निकाल पत्त्यांवरूनच लागतो. म्हणून हरल्यासारखे वाटले तरी आपले पत्ते घाईने टाकलेल्या पत्त्यांत मिसळू नयेत.

सर्वाधिक जपायचे ते डाव सोडलेल्यांनी. आपण इस्पिकचा एक्का टाकला, असे त्यांनी चालू डावात सहज बोलून दाखवले, तरी इस्पिकच्या फ्लशची, म्हणजे पाचही पत्ते इस्पिकचे जुळण्याची, वाट पाहणाऱ्याचा हिशेब बदलतो आणि दुसऱ्यावर अन्याय होतो. शेजारच्या काकांना पत्ते दाखवले असतील, तर डाव संपल्यावर ते सर्वांना दाखवावेत. जिंकणारे पत्ते हाती असताना मुद्दाम वेळ काढून समोरच्याला आशेला लावणे नियमात बसत असले, तरी मला ते अत्यंत अशोभनीय वाटते.