केटरिंगमध्ये नवीन आहात? मग कौतुक नीट ऐका (दारव्ह्याकडचा अनुभव)

नवीन पोरं विचारतात, दादा ऑर्डरी कशा वाढल्या, जाहिरात केली का. नाही केली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या गावांत एका पंगतीतूनच दुसरी पंगत भेटते. पण "मस्त झालं जेवण" हे प्रत्येक लग्नात सगळेच म्हणतात, त्यातून शिकायला काही भेटत नाही, कोण नेमकं काय बोललं ते लक्षात ठेवा.

मे महिन्यातलं लग्न होतं, 400 पानं, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, बुंदी, मठ्ठा. पंगती उठल्यावर नवरीची आजी काठी टेकत भट्टीपर्यंत आली अन् म्हणे, "काऊन रे बाप्पा, शेवटच्या पंगतीतबी वांग्याची फोड अख्खीच होती, कसं केलं?" केलं होतं एवढंच की चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात ठेवली, आलू आधी टाकले, वांगी मागून, आणि वांगं थोडं कच्चं असतानाच गंज (मोठं पातेलं) खाली उतरवला, कारण एवढ्या मोठ्या गंजातली भाजी उतरवल्यावरही बराच वेळ आतल्या आत शिजत राहते, घरच्या कढईसारखी पूर्ण शिजवली तर तिसऱ्या पंगतीले लगदाच जाते. सांबार (म्हणजे कोथिंबीर) अगदी वाढायच्या वेळी. आजीच्या माहेरच्या गावातून त्याच सीझनला दोन ऑर्डरी आल्या, मला आजही त्याचा आनंद आहे.

आपल्या टीमचंही ऐका. वाढणाऱ्या पोरांना विचारा कोणत्या भाजीला लोकांनी परत मागितलं, उष्ट्याच्या टोपलीत काय जास्त पडलं, त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. भांडे घासणारी मावशी एकदा म्हणाली, "आज गंजाले काईच लागलं नाही, हात नाही दुखले माये." माझ्यासाठी ते सगळ्यात मोठं सर्टिफिकेट, कारण सुरुवातीला एकदा माझं वरण तळाला लागलं होतं, करपल्याचा वास सगळ्या गंजात उतरला, यजमान एक शब्द बोलले नाहीत, पैसे पूर्ण दिले, आणि पुढच्या वर्षी मुलाच्या लग्नाला दुसरा आचारी सांगितला. तेव्हापासून वरणापाशी एक माणूस फक्त ढवळायला उभा असतो.

अजून एक, दुसऱ्या दिवशी यजमानाला फोन करा पण "कसं झालं" असं विचारू नका, संकोचानं कोणी वाईट सांगत नाही. "काय उरलं, काय कमी पडलं" असं विचारा. मागच्या लग्नात भात दोन परात उरला म्हणाले, तर आता 100 माणसांमागे 10 किलोऐवजी 9 किलो तांदूळ लिहून देतो.